बाटलीसोबत पुडी

गुणाबाई घरतला गावात भांडखोर म्हणत. तिच्या कानावर ते यायचं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. खाडीकाठच्या मिठागरात उन्हातान्हात मिठाच्या पाट्या वाहायच्या, पायाच्या भेगांत खार मुरवून घ्यायचा आणि वर मुकादमाचं बोलणं ऐकायचं, तिथे मऊ बोलणाऱ्या बाईचा निभाव लागत नाही, असं तिचं सरळ मत होतं. पनवेलच्या बाजारात माप मारणाऱ्या वाण्याशी, एसटीत पाटी चढवू न देणाऱ्या कंडक्टरशी, बांधावर म्हशी मोकळ्या सोडणाऱ्या शेजाऱ्याशी, ज्याच्याशी भांडायला हवं त्याच्याशी ती भांडली होती आणि बहुतेक ठिकाणी जिंकली होती.

फक्त एका माणसापुढे तिची जीभ गप्प व्हायची. तिचे थोरले दीर, धर्मराज. भीतीमुळे नव्हे, रीत म्हणून. त्या गावात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी तोंडातोंडी बोलायचं नसे आणि त्यानेही तिच्याशी बोलायचं नसे. बोलायची वेळ आलीच तर ती पदर पुढे ओढायची, ओटीवरच्या लाकडी खांबाकडे बघायची आणि म्हणायची, "म्हनावं, गवत संपलंय." धर्मराजही खांबाकडे बघूनच उत्तर द्यायचे, "म्हनावं, उद्या आनतो." लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्या खांबाने दोन बारशी, एक वाटणी आणि एका म्हशीचा सौदा ऐकला होता. कुणालाच त्यात नवल वाटत नव्हतं, गुणाबाईलाही नाही.

तिचा नवरा बळीराम मात्र कुणाशीच फारसं बोलायचा नाही. तो उघाडीवाला होता. खाडीच्या बांधाला पाण्याच्या येण्याजाण्यासाठी एक तोंड ठेवलेलं असतं, त्यात लाकडी फळ्या बसवतात, तिला उघाडी म्हणतात. उधाणाला फळ्या काढून खाडीचं पाणी मिठागरात घ्यायचं, पावसाळ्यात ओहोटी बघून आतलं पाणी बाहेर सोडायचं, हे त्याचं काम. उघाडी तुंबली तर हा माणूस गळ्यापर्यंत चिखलात उतरायचा, पण घरात जेवताना भात हवा असेल तर ताटाकडे बघत बसायचा. अतिशय लाजाळू. परसाकडला जायचा तोसुद्धा अंधार असताना, बांधाच्या पार पलीकडे, वाटेत कुणी भेटलं तर उघाडी बघायला निघालो म्हणून सांगायचा. गुणाबाई त्याला त्यावरून चिडवायची आणि त्याच्यावर जीव टाकायची.

सन छपन्नच्या पावसाळ्यात बळीरामची कंबर धरली. आधी वाटलं चिखलात उतरून धरली. बिब्बा झाला, शेक झाला, मालिश झाली. भाद्रपदात तो काठी घेऊन चालायला लागला आणि अश्विनात काठी घेऊनही चालवेना. धर्मराजांनी त्याला मुंबईला नेलं. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात महिनाभर विजेचे शेक दिले, आणि मग सांगितलं की क्यान्सर हाडांत पसरलाय, यापुढे आमच्या हातात काही नाही, घरी न्या. दुखण्याचं औषध मात्र मिळेल, पनवेलच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी देतो.

घरी आणलेल्या बळीरामकडे बघवत नव्हतं. कधी आवाज न काढणारा माणूस कूस बदलताना गुरासारखा ओरडायचा, आणि ओरडून झाल्यावर शरमेने भिंतीकडे तोंड करायचा. गुणाबाई त्याच्या पाठीमागे बसून कंबरेवर हात ठेवायची, तर तिच्या हाताचं वजनही त्याला सोसायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाशी भांडावं ते कळत नव्हतं.

धर्मराज पनवेलला जाऊन बाटली घेऊन आले. पाण्यासारखं औषध, चवीला कडू जहर. त्यांनी ओटीवर बसून खांबाला सगळं नीट समजावून सांगितलं: सकाळी एक चमचा, दुपारी एक, दिवेलागणीला एक, निजताना एक, चुकवायचा नाही, वाढवायचा नाही. गुणाबाईने प्रत्येक शब्द ध्यानात ठेवला. मग धर्मराजांनी खिशातून कागदाची एक पुडी काढली. ती हातात धरून ते जरा थांबले. खाकरले. टोपी काढली, परत घातली.

"म्हनावं," ते म्हणाले, "ही पुडी पन हाय."

आणि आपल्या तंबाखूची डबी जिथे असायची त्या कोनाड्यात पुडी ठेवून ते पाय धुवायला निघून गेले. तो कोनाडा त्यांचा. त्यात घरातलं दुसरं कुणी हात घालत नसे. गुणाबाईला वाटलं, त्यांनी स्वतःसाठीच काही आणलं असेल.

बाटलीने मात्र जादू केली. दुसऱ्या दिवशी बळीराम भिंतीला टेकून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने निवट्या माशांचं कालवण मागितलं, तोंडाने, शब्दात. गुणाबाईने भर दुपारी खाडीच्या चिखलात उतरून निवट्या धरल्या. तो हळूहळू जेवला, बोटं चाटली, आणि म्हणाला, "गुणे, मना उघाडीवर नेशील का एक दिस? फल्या बदलायला झाल्यात." ती चुलीकडे तोंड करून रडली. पुढचं तिला सगळं माहीत होतं, मुंबईच्या डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. पण मरायचंच असेल तर माणसाने असं मरावं, भिंतीला टेकून, बोटं चाटत, फळ्यांची काळजी करत. गुरासारखं ओरडत नाही. तेवढं जरी या माणसाला मिळालं तरी देवाशी आपलं भांडण नाही, असं तिने त्या दिवशी मनाशी ठरवलं.

आठवडा झाला आणि बळीरामचं जेवण कमी झालं. मग उचकी लागली. मग घास बघूनच ओकारी यायला लागली. पोट वर आलं. गुणाबाई विचारायची, "भायेर झाली का?" तो हो म्हणून मान हलवायचा. आता तो परसात आडोशाला जायचा, धर्मराजांचा हात धरून, आणि धर्मराज तोंड फिरवून उभे राहायचे. बायकोला काय दिसणार आणि भावाला काय दिसणार? मान हलवली म्हणजे झाली.

दहाव्या दिवशी त्याचं धोतर भिजलं. पाण्यासारखं, दिवसातून सहा-सात वेळा, त्याला न कळता. बळीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गुणाबाईला जवळ येऊ देईना.

घरभर एकच बोलणं झालं: हगवण लागली. औषध उष्ण पडलं. धर्मराजांची बायको जनी, गुणाबाईची जाऊ, जायफळ उगाळून घेऊन आली. शेजारणीने डाळिंबाची साल आणली. पोट बांधायचे जेवढे उपाय त्या गावाला माहीत होते तेवढे दोन दिवसांत झाले. पोट आणखी वर आलं, ताणलं गेलं, आणि पाणी वाहतच राहिलं.

बाराव्या दिवशी सकाळी धर्मराजांनी खांबाला सांगितलं, "म्हनावं, बाटली बंद. अफूच हाय ती. मानूस आतून सडतोय."

गुणाबाई खांबाला काही बोलायच्या आत आतून बळीरामचा आवाज आला. "बंद करा. दुखनं परवडलं. हे नको."

बाटली बंद झाली. दुपारपर्यंत बळीराम तोंडात धोतराचा बोळा धरून पडला होता. दिवेलागणीपर्यंत बोळाही पुरेना. शेजारची माणसं दारं लावून घरात बसली. गुणाबाईने उठून कुणालाही न विचारता चमचाभर औषध त्याच्या ओठांत ओतलं. त्याने थुंकायचा प्रयत्न केला आणि ती त्याच्या कानात म्हणाली, "थुंकाल तर मीच आज खाडीत जीव देते बघा." त्याने गिळलं.

पहाटे ती त्याचं धोतर बदलत होती. हात चुकून त्याच्या पोटाला लागला, डाव्या बाजूला, खाली. तिथे दगडासारखं काहीतरी होतं. दाबलं तर जागचं हलत नव्हतं. आणि त्याच वेळी खालून पाणी झिरपत होतं.

गुणाबाईने तिथून हात काढला नाही. हे तिने पाहिलं होतं. दरवर्षी पाहिलं होतं. उघाडी चिखलाने आणि पाल्याने गच्च तुंबली की फळ्यांच्या कडेकडेने पाण्याची बारीक धार लागते. नवा माणूस ती धार बघतो आणि म्हणतो, वाहतंय की, उघडी आहे. बळीराम मात्र ती धार बघून कमरेला पंचा बांधायचा. तो म्हणायचा, कडेने पाणी आलं म्हणजे मधे बसलं समज, आता उतरायलाच पाहिजे.

"अवं," तिने विचारलं, "खरं सांगा. बाटली आल्यापासून एकदा तरी नीट झाली का?"

बळीराम भिंतीकडे बघत राहिला.

"मी कोन हाय तुमची? सांगा."

"नाय," तो म्हणाला. "एकदाबी नाय."

तिला इतका राग आला की तो कुठे ठेवावा ते कळेना. बारा दिवस हा माणूस लाजेपायी मान हलवत होता आणि सगळं घर त्याला आणखी बांधत होतं. तिने रिकामी टोपली उचलली, म्हणजे वाटेत कुणी विचारलं तर बाजाराला निघाले असं दिसेल. मग तिलाच स्वतःचा राग आला आणि ती टोपली तिने ओटीवर आपटली. रिकाम्या हाताने ती बांधाबांधाने पनवेलला निघाली, आणि वाटेत ज्याने विचारलं त्याला तिने सांगितलं, "माझ्या घरधन्याला बारा दिस परसाकडला झाली नाय, डाक्टराकडे चाललेय." विचारणारा पुढचं काही न विचारता बाजूला व्हायचा.

दवाखान्यात गर्दी होती. कंपाउंडर जगन म्हणाला नंबर लावा. गुणाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आपणहून पडदा बाजूला केला. डॉक्टर चष्म्याचे, सावकाश बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोटावर कुठे कठीण लागलं ते तिच्याकडून बोट ठेवून दाखवून घेतलं.

"बाई, रोज सोनामुखी देताय ना?"

"कसली सोनामुखी?"

"पहिल्याच बाटलीबरोबर पुडी दिली होती मी. तुमच्या दिरांच्या हातात. दोनदा बजावलं होतं, की या औषधाने पोट हटकून बांधतं, तेव्हा पहिल्या रात्रीपासून पुडी सुरू करा. घरातल्या बाईला सांगा म्हणालो होतो."

गुणाबाईला कोनाडा दिसला. तंबाखूची डबी दिसली. टोपी काढून परत घालणारे धर्मराज दिसले. ते काय बोलू पाहत होते आणि त्यांच्या तोंडून ते का फुटलं नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. धाकट्या भावजयीपुढे, तिच्या नवऱ्याच्या परसाकडची गोष्ट! खांबालासुद्धा ती सांगता येत नव्हती.

"ते आमच्यात बोलत नाय," ती म्हणाली, आणि ते म्हणताना तिला स्वतःची, दिराची, त्या खांबाची, सगळ्यांची चीड आली.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "हे बघा. हे औषध दुखणं झोपवतं, तसं आतड्यालाही झोपवतं. गुंगीची शरीराला सवय होते. आतड्याला या औषधाची सवय कधी होत नाही. म्हणून बाटली आहे तोवर पुडी. एक दिवस झाली म्हणून दुसऱ्या दिवशी थांबायचं नाही. आणि दोन दिवस झाली नाही तर तिसऱ्याची वाट न बघता मला कळवायचं."

"आनि आता जे बसलंय ते?"

"त्याच्यावर वरून काही ओतू नका. एरंडेल नको, इसबगोल तर मुळीच नको, तो आत फुगून बसेल. आधी मला तपासू दे. दुसरं काही अडलेलं नसेल तर खालूनच मोकळं करावं लागेल, तेलाने आणि हाताने. संध्याकाळी येतो."

"मी हितंच बसते," गुणाबाई म्हणाली, आणि दवाखान्याच्या पायरीवर बसली. येणारा प्रत्येक रोगी तिला ओलांडून जात होता. दुपारी डॉक्टर बॅग घेऊन बाहेर आले, जगनने टांगा आणला, आणि रस्ता संपला तिथून पुढे डॉक्टर बूट हातात घेऊन तिच्यामागून बांधावरून चालत आले.

घरी ओटीवर धर्मराज बसले होते, त्यांच्याबरोबर गावातली दोन जाणती माणसं. गुणाबाई सकाळपासून बेपत्ता, बंद केलेलं औषध तिने चोरून पाजलेलं, आणि आतून बळीरामचं कण्हणं. तिघांनी मिळून निकाल लावला होता. धर्मराजांच्या हातात बाटली होती, बूच काढलेली, आणि ते ती अंगणात ओतायला उठत होते.

गुणाबाई तीन पायऱ्या एका दमात चढली आणि दिराच्या हातातून बाटली हिसकावून घेतली. तिची बोटं त्यांच्या बोटांना लागली. ओटीवरच्या एका म्हाताऱ्याने "अरे अरे" केलं. डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता आणि तिने तो सावरला नाही. तिने खांबाकडे बघितलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने धर्मराजांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांचे डोळे बळीरामसारखेच आहेत, हे तिला तेव्हा दिसलं.

"भावोजी," ती म्हणाली, "तुमच्या भावाला बारा दिस हगायला झालं नाय."

तो शब्द ओटीवर पडला. जनी दारात होती, तिने तोंडावर हात ठेवला.

"त्याला हगवन नाय लागली. तो तुंबलाय. बाटली वाईट नाय. बाटलीसंगती जे द्यायचं ते दिलं नाय म्हनून तुंबलाय." कोनाड्यापाशी जाऊन तिने तंबाखूची डबी बाजूला सारली, पुडी काढली आणि सगळ्यांसमोर उघडली. सुकलेली, फिकट हिरवी पानं. "ही ती पुडी. डाक्टरांनी तुमच्या हातात दिली, आनि घरातल्या बाईला सांगा म्हनले. तुमी सांगितलंत का?"

धर्मराज उभेच होते. गावच्या प्रत्येक तंट्यात त्यांचा शब्द शेवटचा असायचा. आता ते खांबाकडे वळले.

"खांबाला नका सांगू," गुणाबाई म्हणाली. "खांब हगत नाय."

म्हाताऱ्यांपैकी एकाला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात दडवलं. एवढ्यात डॉक्टर बूट अंगणात ठेवून वर आले आणि कुणाची परवानगी न घेता आत गेले.

त्यांनी पोट तपासलं, कान लावून ऐकलं, आणि मान डोलावली. मग अर्धा तास तेल, गरम पाणी, एनिमाचं भांडं आणि डॉक्टरांचा हात. गुणाबाईने बळीरामचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो डोळे मिटून एकच म्हणत होता, "तू भायेर जा, तू भायेर जा."

"उघाडी तुंबल्यावर तुमी काय करता?" तिने विचारलं.

तिने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"उतरता ना चिकलात? लाजता का तवा? मग आता मना उतरू द्या."

त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर जा म्हणाला नाही. डॉक्टरांनी दाखवलं तसं पुढचे तीन दिवस तिनेच एनिमा दिला. चौथ्या दिवशी पोट बसलं, उचकी थांबली, आणि बळीरामने भात मागितला.

त्या दिवसापासून घरात नवी रीत सुरू झाली. निजताना बाटलीचा चमचा आणि त्याच्याबरोबर सोनामुखीचं गरम पाणी, गाळून, सुंठ आणि गुळाचा खडा घालून. दिवसभर पेज, ताक, सार, पोटाला सोसेल तेवढं पाणी. आणि सकाळी गुणाबाईचा प्रश्न. तो ती हळू विचारत नसे. चुलीपुढून, साऱ्या आळीला ऐकू जाईल असा विचारायची, "झाली का?" पहिले काही दिवस बळीराम पांघरूण डोक्यावर घ्यायचा. शेजारणी पाणी भरताना हसायच्या. "काय बाई ही, जनाची नाय मनाची नाय." गुणाबाई हंडा खाली ठेवून सांगायची, "तुमच्या लाजेनं बारा दिस मारलं त्याला. आता माझी निलाजरी रीत चालवनार मी."

पौष महिन्यात दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी औषधाचा चमचा वाढवला. गुणाबाईने त्यांना पुढचं बोलू दिलं नाही. "म्हंजे पुडीपन वाढवायची," ती म्हणाली. डॉक्टरांनी जगनकडे बघितलं आणि दोघे हसले.

त्या वाढलेल्या चमच्यावर बळीराम माघी पौर्णिमेच्या उधाणाला उघाडीवर गेला. धर्मराजांनी आणि आळीतल्या तिघांनी त्याला खाटेवर बसवून नेलं. त्याने बसल्या जागेवरून दोन फळ्या बदलायला लावल्या, एक परत काढायला लावली, कारण ती त्याच्या मनासारखी बसली नव्हती. पाणी आत शिरलं तेव्हा तो ताठ बसून बघत होता. परत आल्यावर भेटायला माणसं जमली, ओटी भरून गेली, आणि गर्दीत सकाळचा प्रश्न राहून गेला. बळीरामने आतून हाक मारली.

"गुणे!"

सगळ्यांच्या माना आत वळल्या. त्याचा एवढा मोठा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

"आज इचारलं नाय तू. झाली! साफ झाली!"

ओटी हसली. बळीरामही हसला, खोकला येईपर्यंत हसला. गुणाबाईला आयुष्यात कुठल्याच भांडणात जिंकल्याचा एवढा आनंद झाला नव्हता.

चैत्रात तो गेला. दुपारी, भिंतीला टेकून, पेजेचे दोन घोट घेऊन. ओरडला नाही. ओठांवर औषधाचा कडूपणा असेल तेवढाच.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी धर्मराज ओटीवर आले. गुणाबाई तांदूळ निवडत होती. ते खांबापाशी उभे राहिले, खांबावर हात ठेवला, पण बघितलं तिच्याकडे.

"गुणाबाई," ते म्हणाले. तिचं नाव त्यांच्या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं. "तो जायचा व्हता तो गेला. पन ते बारा दिस… ते मी केले. मना म्हाईत व्हतं पुडी कशाची ते. रोज तंबाकू घेताना हाताला लागायची. रोज वाटायचं आज सांगीन." त्यांनी खांबावरचा हात काढला. "मना झोप नाय लागत."

गुणाबाईने सूप बाजूला ठेवलं. त्यांना माफ करावं असं तिला वाटत नव्हतं, आणि आणखी बोलावं असंही वाटत नव्हतं. त्या बारा दिवसांचा राग तिच्या पोटात अजून होता आणि मरेपर्यंत राहणार होता. ती आत गेली आणि उरलेल्या सोनामुखीची पुडी आणून तिने त्यांच्या हातात दिली.

"पल्याडच्या पाड्यावर मालूच्या सासऱ्याला डाक्टरांनी चार दिसांमागं बाटली दिली," ती म्हणाली. "जगन सांगत व्हता. बाटली आनायला मालूचा नवरा गेलता."

धर्मराजांना समजलं नाही.

"पुडी त्याच्या खिशात हाय का मालूच्या हातात, कुनाला म्हाईत? तुमी चला. तुमी इचारायचं. नवऱ्याला नाय, मालूला. तोंडानं."

धर्मराजांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग ते पायऱ्या उतरले आणि ती मागून निघाली.

मालूच्या घराची ओटी त्यांच्याच ओटीसारखी होती, तशीच शेणाने सारवलेली, मधे तसाच लाकडी खांब. बाहेरगावचा मोठा माणूस आलेला बघून मालूने लगबगीने पदर ओढला आणि ती दाराआड झाली. आतून म्हाताऱ्याचं कण्हणं ऐकू येत होतं. धर्मराज खाकरले. त्यांची मान सवयीने खांबाकडे वळली.

गुणाबाई पुढे झाली आणि खांबाला पाठ लावून, कमरेवर हात ठेवून, त्याच्यासमोर उभी राहिली. आता तिकडे बघायला जागाच नव्हती.

धर्मराजांनी मान वळवून दाराकडे, त्या अर्ध्या झाकलेल्या तोंडाकडे बघितलं.

"पोरी," ते म्हणाले, "बाटली आल्यापास्नं सासऱ्याला हगायला झालं का?"

पदर जरासा मागे सरला. "नाय," मालू म्हणाली. "चार दिस झाले. पन कुनाला सांगायचं?"

"मना सांग," धर्मराज म्हणाले, आणि ओटीवर बसून त्यांनी पुडी उघडली.